ग्रो लाईटखाली मिरचीची रोपं का करपत होती, ते शोधताना

विक्रोळीत आमच्या बिल्डिंगसमोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर उभा राहिला आणि खिडकीतलं ऊन गेलं ते गेलंच. ग्रिलमध्ये मनीप्लांटशिवाय काही तग धरेना. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी रॅक लावून एलईडीखाली रोपं करायचं ठरवलं. मिरची, वांगी आणि टोमॅटो. चिपळूणला मामाकडे परसात जागा भरपूर, पण रोपं तयार करायला त्याच्याकडे वेळ नाही, तेव्हा मी रोपं करून द्यायची आणि पाऊस स्थिरावला की त्याने लावायची असा व्यवहार ठरला. मे महिन्यात ती रोपं आजारी पडली आणि त्यांना नेमकं काय झालंय ते कळेपर्यंत जून उजाडला. त्या काळात मला हवी ती माहिती तुकड्यातुकड्यात मिळत गेली, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

आधी सामान. लोहार चाळीत जाऊन चार फुटी, २० वॅटच्या साध्या पांढऱ्या एलईडी बॅटन घेतल्या, चार नग, प्रत्येकी २८० रुपये. जांभळा उजेड पाडणारे, खास झाडांसाठी म्हणून विकतात ते दिवे मुद्दाम टाळले. झाडाला लाल आणि निळा उजेड जास्त लागतो हे खरं, पण पांढऱ्या उजेडात ते दोन्ही असतातच, आणि जांभळ्याखाली पान पिवळं आहे की हिरवं तेच कळत नाही. शिवाय हॉल आहे, माणसंही बसतात तिथे. टायमर ६५० ला, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाच किलोची वीट, कागदी कप, प्लास्टिकचे ट्रे आणि यूएसबीवर चालणारा छोटा पंखा. रॅक घरातलाच होता. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं.

टायमर संध्याकाळी सात ते सकाळी नऊ असा लावला, म्हणजे चौदा तास. रात्री लावायचं कारण उन्हाळा. दुपारी हॉलमध्ये आधीच ३४-३५ अंश, त्यात बॅटनची गरमी कशाला. आणि कुणी चोवीस तास दिवा ठेवला की रोपं दुप्पट वाढतात असं सांगितलं तर ऐकू नका, टोमॅटोला सतत उजेड सोसत नाही, पानांवर पिवळे चट्टे येतात, त्याला अंधाराचे काही तास लागतातच. विजेचा हिशोब सोपा आहे, ८० वॅट गुणिले चौदा तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला ३४ युनिट. आमचं बिल तीनेकशे रुपयांनी वाढलं.

(समोरच्या विंगमधल्या एका काकांनी वॉचमनकडे चौकशी केली होती की यांच्याकडे रात्रभर दिवे का जळतात. मी त्यांना घरी बोलावून रॅक दाखवला. आता ते वांग्याची रोपं मागतात.)

रामनवमीच्या सुट्टीला, म्हणजे १७ एप्रिलला, पेरलं. टोमॅटो आठवड्याच्या आत वर आला, वांगी मागोमाग, मिरची तिच्या मर्जीने. सुरुवातीला काही रोपं मानेपाशी बारीक होऊन आडवी पडली. हे रोपं कोलमडणं बुरशीमुळे होतं, रोपवाटिकावाल्यांना नेहमीचंच. पंखा सुरू केला, वरचा थर सुकू द्यायला लागले, ते थांबलं. मेच्या पहिल्या आठवड्यात रोपं इतकी छान होती की मी मामाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "बरी दिसतायत, पण माझ्या अंगणात येऊ देत, मग बोलू."

१३ मेला धुळीचं वादळ आलं. त्याच दिवशी घाटकोपरला होर्डिंग पडून माणसं गेली, आमच्यापासून अगदी जवळ, त्यामुळे पुढचे दोन दिवस रोपांकडे बघायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पाणी तेवढं घातलं जायचं. २० मेला मतदानाची सुट्टी होती. सकाळी लवकर मत देऊन आले आणि निवांत रॅकपुढे बसले, तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. मिरचीच्या खालच्या पानांची टोकं तपकिरी, कुरकुरीत, जणू अगरबत्ती टेकवलीय. कडा पण तशाच करपायला लागलेल्या. वांग्याचीही तीच गत, टोमॅटो त्यामानाने बरा. वाढ थांबलेली. आणि मला सगळ्यात विचित्र वाटलं ते म्हणजे कोकोपीट ओलं असूनही रोपं दुपारी माना टाकायची, पाणी आहे पण पीत नाहीत अशी.

मग सल्ले सुरू झाले. ठाण्याच्या मित्राकडे झाडांसाठीचा १०० वॅटचा एलईडी बोर्ड आहे, तो म्हणाला लाईट जवळ झालाय, वर घे. ऑफिसमधली एक जण म्हणाली खत कमी पडतंय. वहिनी म्हणाली, "तू पाणीच जास्त घालतेस, मी तुला आधीपासून सांगतेय." तिघांचंही चूक नव्हतं, कारण पानाचं टोक करपायला ही तिन्ही कारणं पुरतात, शिवाय खत जास्त झालं तरी करपतं, हवा कोरडी असली तरी करपतं. इंटरनेटवर लक्षणांचे तक्ते आहेत त्यात एकेका लक्षणापुढे अर्धा डझन कारणं. ते वाचून जीव अजून घाबरा होतो. त्या दिवशी मला वाटलं की सगळं फेकून द्यावं आणि नर्सरीतून तयार रोपं आणावीत, खरंच.

पण सुट्टी होती, म्हणून वही घेऊन बसले आणि एकेक कारण खोडायला घेतलं.

पहिलं, उजेड. उजेडाने त्रास होत असेल तर तो दिव्याच्या सर्वात जवळच्या पानांना आधी व्हायला हवा, म्हणजे शेंड्याची पानं पांढुरकी पडणार, कडा वर वळून पानाची पन्हळ होणार, आणि ट्रेच्या मधली रोपं कडेच्या रोपांपेक्षा वाईट असणार. मित्राने त्याचे जुने फोटो पाठवले त्यात अगदी हेच होतं, शेंडे ब्लीच केल्यासारखे आणि खालची पानं ठणठणीत. माझ्याकडे बरोबर उलटं. खालची जुनी पानं करपलेली, शेंडा हिरवा, आणि ट्रेच्या मधे काय, कडेला काय, सगळीकडे सारखंच. खात्रीसाठी मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं फुकट अ‍ॅप घेतलं. मोबाईल पानांच्या उंचीवर दिव्याकडे तोंड करून ठेवायचा. मधे ११ हजारांच्या आसपास, कडेला ६ हजार. मोबाईलचा आकडा काही तंतोतंत नसतो पण अंदाजाला पुरतो. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागलं की झाडांच्या मापात उजेड मिळतो, म्हणजे माझ्याकडे मधे दीडशेच्या जवळपास मायक्रोमोल. रोपांना शंभर ते तीनशे चालतो. थोडक्यात, या साध्या बॅटनखाली पान उजेडाने जळणं कठीणच, त्यापेक्षा उजेड कमी पडून रोपं उंच, लेचीपेची होण्याचीच भीती जास्त.

आणि एक. पानांचा रंग ठरवायचा तर रोप रॅकमधून काढून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून कुणी निदान करत असेल तर त्यावर फार जाऊ नका.

दुसरं, खत. इथे कुठलं पान आधी बिघडलं हे बघायचं असतं. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं कमी पडली की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची पानं बिघडतात. नत्र कमी असेल तर अख्खं पान फिकट पिवळं, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लोह आणि कॅल्शियम झाडाला असं हलवता येत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की नवी पानं बिघडतात, लोहाने पिवळी आणि कॅल्शियमने वेडीवाकडी. माझ्याकडे खालच्या पानांची टोकं करपलेली, पण पान पिवळं न पडता उलट जास्तच गडद, निळसर हिरवं. पालाश कमी पडला तरी जुन्या पानांच्या कडा करपतात म्हणून तो जरा वेळ यादीत राहिला, पण कोकोपीटमध्ये मुळातच पालाश भरपूर असतो. शिवाय मी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) अर्धा ग्रॅम लिटरला, आठवड्यातून एकदा देत होते. उपासमारीची ही लक्षणं नव्हती.

तिसरं, जास्त पाणी. कप उचलून बघितले, वजनाला ठीक. एक रोप अलगद बाहेर काढलं, मुळं पांढरी, वास नाही. मुळं कुजली असती तर तपकिरी, बुळबुळीत झाली असती आणि वास आला असता. वहिनीला फोटो पाठवला. तिचं म्हणणं अजूनही तेच आहे.

मग किडे. मिरचीवर बोकड्या येतो, म्हणजे चुरडामुरडा, तो फुलकिड्यांनी आला तर पानं वरच्या बाजूला वळतात, कोळी नावाच्या बारीक किडीने आला तर खाली. पांढऱ्या कागदावर रोप झटकलं, भिंगातून पानाची मागची बाजू बघितली, काही नव्हतं.

या सगळ्यात दुपार झाली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावरच्या काचेच्या बाटलीतला मनीप्लांट, त्याच्याही टोकांना तपकिरी कडा. हा ना दिव्याखाली, ना कोकोपीटमध्ये, ना त्याला खत. रोपांमध्ये आणि त्याच्यात सामाईक गोष्ट एकच, नळाचं पाणी. परत रॅकपाशी आले आणि कोकोपीटच्या वर, कपाच्या कडेला जो पांढरट थर दिसत होता आणि ज्याला मी इतके दिवस बुरशी समजून खरवडत होते, तो बोटावर घेऊन चोळला. खरखरीत. बुरशी मऊ असते.

टीडीएस मीटर ऑनलाईन मागवला, २४० रुपये, दोन दिवसांत आला. पेनासारखा असतो, पाण्यात बुडवला की विरघळलेल्या क्षारांचा आकडा (लिटरला मिलिग्रॅममध्ये) दाखवतो. संध्याकाळी बाथरूमच्या नळाचं पाणी मोजलं, ९१०. मीटरच खराब वाटला. पालिकेचं पाणी तलावांचं, मऊ असतं, शंभरच्या आतबाहेर अपेक्षित. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोजलं तर ८५. त्याच नळाचं. मग मीटर नाही, पाणीच बदलतंय.

खाली पंपाच्या खोलीत गेले. पंप बघणारे काका तिथेच असतात. त्यांना विचारलं तर अगदी सरळ म्हणाले, "ताई, पहाटेचं पालिकेचं. अकराच्या पुढं मी बोअर जोडतो, नायतर वरच्या मजल्याला थेंब नाय जायचा."

"कधीपासून?"

"झाले की पंधरा दिवस. प्रेशरच नाय यंदा."

बोअर एरवी फक्त फ्लशच्या टाकीला असते. आम्ही खाडीपासून फार लांब नाही, बोअरचं पाणी चवीलाच मचूळ. त्या मेमध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांत मिळून साठा दहा टक्क्यांच्या खाली गेला होता. पुढे ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागलीच. काकांना दोष द्यायचा प्रश्नच नव्हता, वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं आहेत.

सोसायटीत विचारलं तर उत्तर आलं की बोअर वापराच्या पाण्यात मिसळतच नाही. तोंडी काही चालणार नव्हतं, म्हणून पाणी तपासून घ्यायचं ठरवलं. (आणि खरं सांगायचं तर २४० रुपयांच्या पेनावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न होताच.) एका खाजगी मान्यताप्राप्त लॅबमध्ये फोन केला. त्यांनी सांगितलं, स्वच्छ प्लास्टिकची बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, हवा न ठेवता बूच लावून, भरल्याची तारीख आणि वेळ लिहून आणा. जंतूंची तपासणी हवी असेल तर निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच न्यावी लागते, ती मी घेतली नाही. २७ मेला दुपारचं पाणी भरून नेलं.

काउंटरवर फॉर्म. सॅम्पल कुणाच्या नावाने? सोसायटीच्या नावाने रिपोर्ट हवा तर लेटरहेडवर सेक्रेटरीच्या सहीचं पत्र लागेल म्हणाले. ते मिळायची शक्यता शून्य, म्हणून स्वतःच्या नावाने दिलं, त्याला आधारची कॉपी पुरली. मग रकाना, पाणी कशासाठी? पिण्यासाठी, बांधकामासाठी, स्विमिंग पूलसाठी आणि सिंचनासाठी. मी सिंचनावर खूण केली तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, शेत कुठे आहे?" मी म्हटलं हॉलमध्ये. त्याने दोनदा बघितलं माझ्याकडे. पण हा रकाना महत्त्वाचा आहे, पिण्याच्या यादीत सोडियमचं प्रमाण सहसा नसतं आणि रोपांना तेच नडतं. शेवटी पीएच, ईसी (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते), टीडीएस, कठीणपणा, क्लोराईड, सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एवढं ठरलं. १८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २१२४. पावती जपून ठेवा, रिपोर्ट त्यावरच्या नंबराशिवाय देत नाहीत. पाच कामाचे दिवस सांगितले, लागले त्याहून जास्त, मधे एकदा फोन केल्यावर कळलं की मेलचा पत्ता फॉर्मवरून उतरवताना एक अक्षर राहिलं होतं. फॉर्म भरताना पत्ता सुट्या अक्षरात लिहा.

रिपोर्टची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं नव्हतं. एसीच्या पाइपचं पाणी बादलीत धरायला लागले. मुंबईच्या मेमध्ये एसी रात्रभर चालला तर अर्धी बादली सहज भरते, आणि मीटरवर ते २० च्या आत दाखवतं. रोपांचे दोन भाग केले. अर्ध्यांना एसीचं पाणी, अर्ध्यांना पूर्वीसारखंच दुपारचं नळाचं. बाकी काहीही बदललं नाही, दिवा तोच, खत दोघांनाही बंद, पंखा तोच. हे अवघड जातं. हात शिवशिवतात, वाटतं जरा लाईटही वर घ्यावा, जरा सीवीडचं (समुद्री शेवाळाचं) खतही फवारावं. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या की रोप सुधारलं तरी कशाने ते कळत नाही.

एसीचं पाणी द्यायच्या आधी त्या कपांचे क्षार धुऊन काढले. कपाच्या तिप्पट पाणी हळूहळू वरून ओतायचं आणि खालून वाहू द्यायचं. खाली जे पाणी येतं ते मोजायचं, हे फार कामाचं आहे. माझ्याकडे पहिल्या ओतण्याला खालून आलेलं पाणी २१०० दाखवत होतं, म्हणजे मी जे घालत होते त्याच्या दुपटीहून जास्त. कारण पाणी पानातून आणि वरच्या थरातून उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि वर पंखा आणि दिवा असेल तर ते अजून भराभर साठतात. कप छोटा असला की आणखीनच. मुळांच्या भोवती इतके क्षार झाले की पाणी समोर असूनही रोपाला ते ओढून घेता येत नाही. ओल्या कोकोपीटमध्ये माना टाकणारी रोपं ती हीच.

इथे एक गोष्ट, पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बऱ्यापैकी उडतं, क्षार उडत नाहीत. उकळलं तर पाणी आटून उलट वाढतातच. आणि आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा सल्ला सगळे देतात, तलावाचं मऊ पाणी असेल तर ते चालूनही जातं, पण बोअर मिसळलेली असताना त्या नळीतून येतं ते आणखी खारं असतं. आधी मोजा, मग घाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. टीडीएस ८८०, क्लोराईड ३७०, सोडियम भरपूर. पेन फार लांब नव्हता म्हणायचं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५००, टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराईडचं तसंच, २५० आणि १०००. त्यामुळे हेच पाणी पिण्यासाठी म्हणून तपासलं असतं तरी कुणी ते साफ नापास केलं नसतं, आणि मिरचीचं चार पानांचं रोप मात्र त्यात करपत होतं. सोसायटीला मी अर्ज केला तेव्हा हे स्पष्ट लिहिलं, की पाणी घातक आहे असं माझं म्हणणं नाही, बोअर किती वाजता मिसळता तेवढं सगळ्यांना कळवा. दोन प्रती, एकीवर पोच घेतली. पोच घ्याच, नाहीतर अर्ज आलाच नाही असं होतं.

तोवर रॅकवर फरक दिसायला लागला होता. एसीच्या पाण्यावरच्या रोपांची नवी पानं स्वच्छ, कडा पूर्ण हिरव्या. नळाच्या पाण्यावरची आणखी एकेक पान गाळत होती, त्यांचा प्रयोग तिथेच थांबवून त्यांनाही धुतलं. करपलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, ती तशीच राहतात, म्हणून जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका, सुधारणा फक्त नव्या पानावर दिसते. ते यायला आठ-दहा दिवस लागतात. तो काळ कठीण जातो.

मग वेगळंच सुरू झालं. मिरचीची नवी पानं फिकट आणि सुरकुतलेली यायला लागली. परत भिंग, परत कागद, किडे नाहीत. पण आता निदानाची सवय झाली होती, नवी पानं वेडीवाकडी म्हणजे कॅल्शियम. एसीच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतंच आणि कोकोपीट असलेलं कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं. कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम लिटरला दिलं, आणि तीन दिवसांनी वेगळ्या पाण्यातून मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही एकत्र दाट कालवले तर खाली साका बसतो आणि रोपाला काही मिळत नाही. ही खतं एकेक किलोच्या पुड्यात येतात, मुंबईत शोधत बसण्यापेक्षा कल्याण-पनवेलकडे कुणी जात असेल तर तिथल्या कृषी सेवा केंद्रातून मागवा. माझी अजून दोन-तीन वर्षं पुरतील. पुढची पानं सरळ आली. नंतर मी पहाटे सहाला नळाचं पाणी भरून ठेवायला लागले, ८५-९० वालं, ते एसीच्या पाण्यापेक्षा बरं, त्यात थोडंफार कॅल्शियम असतं.

९ जूनला पाऊस दाखल झाला आणि घरातली हवा बदलली. टोमॅटोच्या पानांच्या मागे बारीक फोड आले, कोंड्यासारखे. घाबरून आधी रोग वाटला. हवेत दमटपणा जास्त, पानातून पाणी बाहेर पडत नाही आणि मुळं मात्र खेचतायत, त्यामुळे पेशी फुगून येतात तो प्रकार. पाणी निम्म्यावर आणलं, पंखा चोवीस तास केला, थांबलं. बारीक काळ्या माशा झाल्या त्यांना पिवळे चिकट कागद. यावर जास्त लिहीत नाही, पावसाळ्यात घरात कोकोपीट ठेवलं की हे होणारच.

मामाने जूनच्या मध्यावर रोपं मागितली होती, ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. त्याआधी आठवडाभर ग्रिलमध्ये ठेवली, आधी दोन तास, मग वाढवत. दिव्याखाली वाढलेली पानं एकदम उन्हात ठेवली तर पांढरी पडतात, जुलैचं ढगाळ आभाळ त्या बाबतीत सोयीचं. चुलतभावाच्या गाडीतून, भाजीच्या क्रेटमध्ये, कपासकट. मामाचा फोन आला, "अगं, मिरची बारकीच आहे, पण मुळं चांगली आहेत." वांगी लवकर लागली, मिरची गणपतीच्या सुमाराला.

पाणीकपात २९ जुलैला मागे घेतली. त्यानंतर दुपारचं पाणीही १०० च्या आत आलं, मीटर माझ्याकडे होता तोवर मी आठवड्यातून एकदा मोजत होते. माझ्या अर्जाला लेखी उत्तर काही आलं नाही, पण सप्टेंबरच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये तो घेतला आणि फार वाद न होता ठरलं की बोअर जोडायची असेल त्या दिवशी लिफ्टपाशी वेळ लिहायची. पंपवाले काका खडूने लिहितात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यानंतर आपल्या फिश टँकची काळजी वाटायला लागली, त्यांनी माझा टीडीएस मीटर दोन दिवसांसाठी म्हणून नेलाय, दिवाळी झाली तरी परत आलेला नाही.